पोरीच्या मागं, दरीच्या बाजूनं

बाटली फिरत फिरत माझ्या पोरीच्या हातात आली, तेव्हा तिनं आधी माझ्याकडं बघितलं.

जागा सांगतो. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तिथलं ला पाझ शहरच इतकं उंच की एक जिना चढला तरी माणूस रेलिंग धरून उभा राहतो. त्या शहराच्याही वर एक खिंड आहे. झाड नाही, झुडूप नाही, नुसता काळा दगड, बर्फाचे पट्टे आणि वारा. तिथून सायकलवाले खाली सुटतात. सकाळी बर्फातून निघायचं आणि दुपारी केळीच्या झाडांत उतरायचं. मधला रस्ता मातीचा, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. जगभरातून लोक तिथं सायकल चालवायला येतात. मेलेले पण पुष्कळ आहेत, त्यांचे क्रॉस रस्त्याच्या कडेला उभे आहेत. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी पोरीचा पासपोर्ट लपवून ठेवला असता.

निघायच्या आधी त्यांची एक रीत आहे. पुढं सायकल चालवणारी गाईड बाई खिशातून छोटी प्लास्टिकची बाटली काढते. आत दारू, पण दारू कसली, नुसतं स्पिरिट. प्रत्येकानं थोडी जमिनीवर ओतायची, थोडी आपल्या सायकलच्या चाकावर, आणि थेंबभर ओठाला लावायची. जमीन ही त्यांची आई. तिला आधी पाजायचं, मग तिच्या अंगावरून जायचं. बाकीचे चौघं परदेशी होते, त्यांनी हसत हसत ओतलं, फोटो काढले. वाऱ्यावर वास माझ्यापर्यंत आला. हॉस्पिटलचा वास. सुई टोचायच्या आधी सिस्टर कापसाला लावते तोच.

मी कोण तेही सांगतो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझं आयुष्य गेलं. सातवीपर्यंत शिकलो, मग जीन्सच्या कारखान्यात मशिनवर बसलो तो नजर कमी झाल्यावरच उठलो. पँटच्या खिशाच्या कोपऱ्याला, पट्ट्याच्या लूपला जो घट्ट आडवा टाका असतो, त्याला आमच्यात बारटॅक म्हणतात. कापड फाटतं, तो टाका सुटत नाही. मी आयुष्यभर तेवढंच केलं.

माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. घरातले देव स्वतःच्या हातानं गावच्या नदीत सोडले. तेव्हापासून आमच्या घरात नारळ फक्त चटणीला फुटतो. आणि माझ्यापेक्षा माझी बायको कडक. तिची फुप्फुसं आखडत चालली होती तेव्हा शेजारची सिंधी भाभी लिंबू आणि काळा दोरा घेऊन आली. मनानं फार चांगली बाई, आमच्या घरात चूल पेटत नव्हती त्या दिवसांत तिच्याकडून डबा यायचा. बायकोनं नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली आणि म्हणाली, "भाभी, निंबू रख दो, बेटी शरबत बनाएगी. धागा वापस ले जाओ." भाभी गेल्यावर मला म्हणाली, "मी राहीन नाहीतर जाईन. पण माझ्या नावानं कुठं काही फोडलंत, बांधलंत, ओतलंत, तर याद राखा."

ती गेली. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं.

तर आम्ही घेतलेल्या प्रतिज्ञांमध्ये देवाला काही वाहणार नाही ही एक, आणि दारू पिणार नाही ही एक. ती बाटली म्हणजे दोन्ही एकदम मोडायची सोय होती. मी पोरीकडं बघून मान हलवली.

"आपल्यात नाही चालत."

"माहितीय पप्पा," ती म्हणाली, आणि बाटली तशीच पुढं दिली.

गाईड बाईनं तिला काहीतरी विचारलं. पोरगी मोबाइलवर स्पॅनिश शिकली होती, तिनं हसून समजावलं. बाई हसली नाही. आमच्या व्हॅनचा ड्रायव्हर माझ्याच वयाचा होता, गालात तंबाखूसारखा कोकाच्या पाल्याचा गोळा धरून उभा. तो आधी माझ्या पोरीच्या कोरड्या चाकाकडं बघत राहिला आणि मग माझ्याकडं. रागानं नाही. तसं बघणं मला माहीत आहे. वॉर्डातला जुना माणूस नव्या पेशंटच्या नातेवाइकाकडं तसं बघतो.

मी व्हॅनमध्ये जाऊन बसलो. देवीबिवीची भीती मला नव्हती, हे खरं सांगतो. पण पाचातल्या चौघांनी केलं आणि एकीनं केलं नाही, आणि ती एक माझी, एवढं मात्र डोक्यात शिरलं. शिरलं ते शिरलंच.

सायकलचं खूळ पोरीला नोकरी लागल्यावर लागलं. ऐरोलीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसते. रविवारी सकाळी कॅम्प चारहून निघायची, अंबरनाथ, बदलापूर, तिथून बारवी डॅमचा रस्ता, कधी कोंडेश्वरचा चढ. मागून आम्ही दोघं स्कूटरवर. मी चालवायचो, बायको मागं डबा मांडीवर धरून. बदलापूरपर्यंत ती गप्प बसायची. पुढं जंगलातली वळणं लागली आणि पोरगी वळणाआड गेली की हिची मूठ माझ्या पाठीत.

"पुढं घ्या, पुढं घ्या."

"अगं ती सायकल चालवतेय. आपण काय चोर पकडतोय?"

"तुम्ही तोंड बंद ठेवा आणि हँडल बघा."

पोरगी पुन्हा दिसली की मूठ थांबायची. पुढचं वळण आलं की पुन्हा सुरू. घरी येऊन मी पाठ दाखवायचो, बघ, लाल झाली. ती म्हणायची, तुमची पाठ आधीपासूनच तशी आहे.

या बोलिव्हियाच्या डोंगरांचं पोरीनं आईला सांगितलं होतं, मला नाही. दोघींचं ठरलेलं. आई गेल्यावर तिनं विषय बंद केला. मला एकट्याला टाकून जायचं नाही, म्हणून. एकदा जेवताना मीच म्हणालो, "तुझी आई जा म्हणाली होती ना? मग जा."

"आणि तुम्ही?"

"मी पण येतो. तिथं स्कूटर मिळेल ना भाड्यानं?"

ती हसली, आणि मग ताट घेऊन मोरीकडं गेली ती बराच वेळ आली नाही.

मी मोठ्या मनानं गेलो असं कोणी समजू नये. मी घाबरून गेलो. एक डोळ्यांसमोर गेली, ही डोळ्याआड जाऊ नये, एवढंच होतं.

तिच्या पाठीवरच्या दोन्ही सॅक मी शिवल्या, एक मोठी आणि एक छोटी. जाड जीन्सचं कापड, आतून ताडपत्री, पट्ट्याच्या चारी टोकांना बारटॅक. जुन्या शेटच्या कारखान्यात जाऊन त्याच्याच मशिनवर शिवल्या. शेटनं पट्टा ओढून बघितला. म्हणाला, "साईं, इसमें पत्थर भरेगा क्या?" मी म्हणालो, "मेरी बेटी क्या भरेगी, मेरे को क्या मालूम. टूटना नहीं चाहिए."

विमानातून उतरलो आणि माझा श्वास पुरेना. हवा होती, पण आत जाऊन काही काम करत नव्हती. दोन शब्द बोललो की थांबायचं. पोरगी म्हणाली, सगळ्यांना होतं, दोन दिवसांत जाईल. कोकाच्या पाल्याचा चहा पाजला. पण मला तो श्वास ओळखीचा होता. शेवटी शेवटी बायको तसा घ्यायची. शब्द, मग श्वास, मग शब्द. मी तिच्या उशाशी बसून म्हणायचो, हळू घे, घाई नको. आता कळलं की घाई ती करत नव्हती. घाई छातीच करते. हॉटेलच्या कॉटवर बसून मी बायकोचा श्वास घेत होतो, आणि मला भीती वाटली की हा सुटला तर?

मग आठवडाभर आम्ही तिथल्या मोठ्या सरोवराच्या काठानं गावागावांतून चाललो. पोरगी पुढं, मोठी सॅक पाठीवर. मी मागं, काठी टेकत. बटाट्याची शेतं, मातीच्या भिंती, गोल टोपी घातलेल्या बायका. लामा नावाची उंच मानेची जनावरं चरायचं सोडून माझ्याकडं बघत उभी राहायची. पोरगी म्हणायची, "बघा पप्पा, किती सुंदर." मी बघायचो, पण तिच्या पाठीकडं. सॅकचा पट्टा, पट्ट्याचा टाका, टाक्याखाली तिचा खांदा वर-खाली होतोय का. होतोय म्हटल्यावर पुढचं पाऊल टाकायचं. पहिले चार दिवस मी सरोवर बघितलंच नाही म्हटलं तरी चालेल.

आणि मग ती खिंड.

व्हॅनमध्ये मागच्या सीटखाली एक छोटा ऑक्सिजनचा सिलेंडर पट्ट्यानं बांधलेला होता. आमच्या घरी होता तसाच, फक्त लहान. घरचा सिलेंडर भाड्याचा, तो माणूस परत घेऊन गेला, पण फरशीवर त्याचा गोल डाग अजून आहे. मी त्या सीटवर बसलो नाही. ड्रायव्हरच्या मागं बसलो.

सुरुवातीला डांबरी रस्ता होता. सायकली खाली सुटल्या आणि आम्ही मागं. ठीक होतं. मग डांबर संपलं, मातीचा फाटा आला, आणि ड्रायव्हरनं गाडी डावीकडं घेतली.

त्या देशात गाड्या उजवीकडून चालतात. पण या एका रस्त्यावर उतरणाऱ्यानं डावी बाजू धरायची, म्हणजे दरीची. ड्रायव्हर डावीकडं बसतो, त्याला खिडकीतून मान काढून आपलं चाक आणि कडा दिसावा म्हणून ही रीत. सायकलवाल्यांनीही तेच. मी आयुष्यभर डावीकडून चाललोय. आपल्याकडं डावी बाजू म्हणजे दुकानांची, गटाराच्या फरशीची, सावलीची. पोरांना शिकवतो, डावीकडून चाल. तिथं डावी बाजू म्हणजे काहीच नाही. मी खिडकीतून खाली बघितलं तर रस्ता दिसेना. ढग दिसला, आणि ढगाच्या खाली झाडांचे शेंडे, कोथिंबिरीच्या जुडीएवढे. पुढं माझी पोरगी त्याच रेषेवरून चालली होती, आणि हँडलचं एक टोक हवेत होतं.

मी सीटचा दांडा धरला. हाताला घाम आला तर तो पँटला पुसायचा आणि पुन्हा धरायचा. पहिला क्रॉस आला. मग दुसरा. एकावर प्लास्टिकची फुलं होती, एकाशेजारी सायकलचं गंजलेलं चाक. मी पुढं क्रॉस बघायचे सोडले. डोळे मिटले की पोरगी दिसायची नाही, म्हणून मिटताही येईना.

पाठीत कोणी मूठ मारत नव्हतं. ते सगळ्यात वाईट होतं. दोघांत वाटून घ्यायची भीती माझ्या एकट्याच्या अंगावर आली होती.

मग धुकं आलं. खालून वर आलं, चुलीतून धूर यावा तसं. आधी दरी गेली, मग सायकली गेल्या, शेवटी आमच्याच गाडीचं तोंड दिसेना. ड्रायव्हरनं दिवे लावले. एका वळणावर वरून दरड सुटलेली, ढीगभर दगड रस्त्यात. सायकली बाजूनं निघून गेल्या होत्या, गाडी जाईना. आम्ही दोघं म्हातारे खाली उतरून दगड ढकलायला लागलो. एक दगड ढकलला की मी दोन मिनिटं धापा टाकायचो. ड्रायव्हर माझ्या खांद्याला धरून बाजूला करायचा, मी पुन्हा यायचो.

तेवढ्यात त्याच्या वॉकीटॉकीवर गाईड बाई बोलली. मला स्पॅनिश येत नाही. पण त्याचा चेहरा बघितला. त्यानं मला चार बोटं दाखवली आणि खाली हात केला, चौघं थांब्यावर पोचले. मग एक बोट दाखवलं आणि हात पालथा केला.

कोण ती एक, हे विचारायला भाषा लागत नाही.

 मी खाली बसलो नाही, कारण बसलो असतो तर उठलो नसतो. मी चालायला लागलो. धुक्यात, रस्त्याच्या मधून, तिला हाका मारत. "बाळा" म्हणायचो आणि श्वास संपायचा. थांबायचो, पुन्हा म्हणायचो. दरीतून माझाच आवाज परत यायचा. कुठं तरी पाणी पडत होतं. ओल्या मातीत एका चाकाची रेघ होती. ती कडेकडं जात होती. मी तिच्यामागून गेलो. ती कडेपर्यंत गेली, आणि तिथं माती ओली नव्हती, दगड होता, म्हणून रेघ संपली होती. पुढं काय ते दिसत नव्हतं. मी हातापायांवर बसून खाली बघितलं. पांढरं. नुसतं पांढरं.

ड्रायव्हर मागून आला. त्याच्या हातात टॉर्च होती आणि बगलेत सकाळची ती बाटली, निघताना गाईड बाईनं त्याच्याकडं ठेवायला दिलेली. त्यानं ती माझ्याकडं केली नाही. तो माझ्या बाजूला उभा राहिला आणि स्वतः झाकण फिरवायला लागला.

मी ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

थेंबभर नाही, थोडी नाही. मी बाटली उलटी केली. दगडावर, मातीवर, माझ्या बुटांवर, जिथं पडेल तिथं. तो वास आला, वॉर्डाचा, आणि मी बोलायला लागलो. त्या लोकांच्या आईला मी काही बोललो नाही, तिचं नावही मला नीट येत नव्हतं. मी माझ्या बायकोला बोललो. म्हणालो, पोरगी तुझी पण आहे, गप काय बसलीस, बघ जरा. जिनं मला दम दिला होता की माझ्या नावानं कुठं काही ओतू नका, तिच्याच नावानं मी सगळी ओतली. थेंब ठेवला नाही.

बाटली रिकामी झाली. काही झालं नाही. पाणी पडतच होतं.

"पप्पा?"

आवाज खालून नाही, पुढून आला. धुक्यात आधी निळा रंग दिसला. जीन्सचा. मी शिवलेली छोटी सॅक तिनं पोटावर लटकवली होती आणि सायकल ढकलत ती चढावर येत होती.

"ओरडताय काय एवढं? पंक्चर झालं. तिथं कपार आहे डोंगराच्या बाजूला, आत बसून ट्यूब बदलत होते. पाण्याच्या आवाजात काही ऐकूच येईना." मग ती थांबली. मी गुडघ्यांवर होतो. हातात उलटी बाटली. अंगाला वास. तिचा चेहरा बदलला. "पप्पा, तुम्ही प्यायलात?"

हे इथं सांगायला पाहिजे. मी पीत होतो हे कॅम्प चारला सगळ्यांना ठाऊक आहे. पोरगी लहान असताना, कारखाना सुटला की. बायकोनं कधी भांडण केलं नाही. ती पोरीला घेऊन बारच्या पायरीवर येऊन बसायची आणि तिथंच तिचा अभ्यास घ्यायची. मी आत, त्या बाहेर. पोरगी मोठ्यानं पाढे म्हणायची, ते आत ऐकू यायचे. बारवाला मला म्हणायचा, "अरे, घर जा ना यार, धंदा खराब होता है." अशी माझी दारू सुटली. पोरीला बारा-तेराचे पाढे त्या पायरीवर पाठ झाले.

म्हणून तिनं जे विचारलं ते गमतीनं विचारलं नव्हतं.

माझ्यापुढं दोनच उत्तरं होती. प्यायलो, नाहीतर ओतली. प्यायलो म्हटलं तर मी जुनाच बाप झालो. ओतली म्हटलं तर तिच्या आईचं एकच शेवटचं सांगणं मोडलं, आणि तेही सकाळी स्वतः पोरीला अडवून.

"हो," मी म्हणालो. "थोडी."

"थोडी? बाटली रिकामी आहे पप्पा."

 तिनं हेल्मेट काढलं. तिच्या तोंडावर चिखल होता, आणि त्या चिखलाखाली ती पायरीवरची पोरगी होती. तिनं ड्रायव्हरला खूण केली, आम्ही मागं व्हॅनपाशी आलो, दोघांनी मिळून उरलेले दगड बाजूला केले आणि सायकल टपावर चढवून बांधली. मग ती आत आली आणि माझ्या शेजारी बसली, त्या सिलेंडरच्या सीटला पाय टेकवून.

"तू जा ना सायकलवर," मी म्हणालो.

"नाही. मी बसते इथंच."

बारच्या पायरीवरचं तिच्या आईचंच वाक्य. तोच सूर.

गाडी निघाली. पोरगी शेजारी, तिचा दंड माझ्या दंडाला लागलेला, गरम. तिला आता काही होणार नव्हतं. गाडी पडली तर दोघं पडू. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यासाठी मला फक्त गप्प बसायचं होतं. मी गप्प बसलो. ती खिडकीबाहेर बघत होती. धुकं मधे मधे फाटायचं आणि खाली हिरवं दिसायचं, गरम हवा यायला लागली होती. या रस्त्यासाठी तिनं बारवीचे चढ चढले होते, ऊन नाही बघितलं, रविवार नाही बघितला. आता ती तो काचेतून बघत होती. तिनं डोळे पुसले ते मला कळू नये म्हणून हेल्मेटचा पट्टा नीट करत पुसले.

मग तिचा राग ड्रायव्हरवर निघाला. ती पुढं वाकून त्याला स्पॅनिशमध्ये झापायला लागली. मला शब्द कळले नाहीत, पण तो सूर मी आमच्या गल्लीत पाणी सोडणाऱ्यावर निघालेला ऐकला आहे. म्हाताऱ्या माणसाला दारू का दिलीत, असंच असणार.

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, नको. त्याला वाटलं असेल, सांग म्हणतोय. त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात सोडून उलटी बाटली धरल्यासारखा केला आणि खाली, खाली, जमिनीकडं नेला. बोलत राहिला. बोलता बोलता हसला पण.

पोरगी मागं टेकली. 

"काय म्हणतोय तो?" मी विचारलं.

"म्हणतोय, इतकी वर्षं गाडी चालवतोय, एवढी कोणी ओतली नाही. म्हणतोय, जमिनीला आज जरा जास्तच झाली असेल." तिनं माझ्या बुटांकडं बघितलं. दोन्ही भिजलेले, त्यांचाच वास गाडीभर. मग ती माझ्याकडं वळली. मला वाटलं आता विचारेल, मग सकाळी मला का अडवलंत. तिनं ते विचारलं नाही. माझा हात दांड्यावरून सोडवून हातात घेतला. बोटं आखडलेली होती, तिनं एक एक सरळ केली.

"आईला सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"मी पण नाही सांगणार."

थोडं पुढं गेल्यावर तिनं ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि सायकल टपावरून उतरवून घेतली. मी समजलो. अजून अर्धा रस्ता बाकी होता, दरी तीच होती, खाली क्रॉस होतेच. तिला थांबवायला मला आता कारण उरलं नव्हतं. मी म्हणालो असतो, नको जाऊ, मला भीती वाटते, तर ती बसली असती. ते शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. मी म्हणालो, "ब्रेक बघून घे. दोन्ही."

"बघितले."

"पुन्हा बघ."

तिनं माझ्यासमोर दोन्ही ब्रेक दाबून दाखवले. छोटी सॅक पाठीवर टाकली, पट्टा ओढला. आणि सुटली. डाव्या बाजूनं.

ड्रायव्हर सावकाश निघाला. त्याला घाई कशाची. पुढं एक वळण होतं, पोरीची निळी सॅक त्या वळणापर्यंत दिसली, मग डोंगर मधे आला. माझ्या छातीत पुन्हा तेच सुरू झालं. शब्द, श्वास. मी दांडा सोडला आणि पुढं वाकून ड्रायव्हरच्या पाठीत मूठ मारली.

"पुढं घ्या," मी म्हणालो. "पुढं घ्या."

त्याला मराठी येत नव्हतं. पण त्यानं गाडी दामटली.